बेलवर नाव नाही, सबब...

स्टुटगार्टमधलं घर ताब्यात घेताना मी घरमालकांना पहिला प्रश्न विचारला, तो कुठलाही पुणेकर विचारेल तोच. पाणी किती वाजता येतं?

त्यांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग बायकोकडे पाहिलं. जर्मन तिला येतं, आणि नोकरीही तिचीच आहे. कंपनीनं तिला चाकणहून इथं पाठवलं आणि तिच्या व्हिसाला टाचणीनं जोडलेलं सहपत्र म्हणून मी आलो. तिनं त्यांना सांगितलं, की आमच्याकडे पाण्याची वेळ असते. त्यांनी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला, आणि लहान मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. तरीही त्या रात्री मी दोन पातेली आणि एक बादली भरून ठेवलीच. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, पुण्यात बहुधा पाणी बंद असतं तो वार.

या शहराला बरंचसं पाणी बोडेनझे नावाच्या तळ्यातून येतं, शंभराहून जास्त किलोमीटर नळातून चालत. आमचं खडकवासला सिंहगड रस्त्याच्या टोकाला. धरण उशाला नि कोरड घशाला ही म्हण जर्मनमध्ये कशी सांगायची, हे बायकोलाही जमलं नाही.

विजेसाठी मात्र मी तयारीनं आलो होतो. भाडेकराराच्या चार प्रती, पासपोर्टच्या झेरॉक्स, सहा फोटो, सगळ्यावर स्वतःच्या सह्या. ‘अर्ज कुठे करायचा?’ म्हटलं. अर्ज नाही. वीज आहेच. दिवे मात्र नव्हते. छतातून तीन-तीन वायरी लोंबत होत्या, कारण जाणारा भाडेकरू आपले दिवे उतरवून नेतो. पडद्याचे दांडेही नेतो. आणि स्वयंपाकघरही नेतो! जाहिरातीत स्वयंपाकघर होतं, ते खरंच होतं. म्हणजे खोली होती. भिंतीतून पाण्याचे दोन नळ आणि एक जाडजूड केबल बाहेर आलेली. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी हा सगळा ऐवज आधीच्या बाईंचा, तो त्यांच्याबरोबर नव्या घरी गेलेला. आमच्याकडे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं; इथं ओटा पाठीवर असतो. पहिले अठरा दिवस आम्ही इंडक्शनच्या शेगडीवर, जमिनीवर बसून पिठलं केलं. बायको म्हणाली, हे अगदी आजोळसारखं वाटतंय. तिचं आजोळ साताऱ्याच्या एका फ्लॅटमध्ये आहे.

न्हाणीघरातल्या आरशावरचा दिवा तेवढा चुकून राहिला होता. त्याचं बटण मी दाबलं आणि उजेड पडला. उजेडाबरोबर करारही झाला, हे महिन्याभरानं कळलं. इथल्या कायद्यात अशी सोय आहे, की नव्या घरात तुम्ही वीज वापरायला लागलात की त्या भागाच्या मूळ पुरवठादाराशी तुमचा करार झालाच. सही नको, फोटो नको. पुण्यात बटण दाबलं की दिवा लागतो किंवा लागत नाही, एवढाच प्रश्न असतो. इथं बटण दाबलं की माणूस कायदेशीर बंधनात अडकतो. आमचं लग्नसुद्धा इतक्या झटपट झालं नव्हतं.

आपोआप मिळालेला हा करार सहसा महाग असतो, तेव्हा नंतर स्वस्त पुरवठादार शोधून तिकडे जायचं. त्यासाठी तळघरात उतरून मीटरचा नंबर आणि रीडिंग उतरवून घ्यायचं. युनिटला चाळीस सेंटच्या आसपास पडतात, म्हणजे पस्तीस रुपयांहून जास्त. हा हिशोब झाल्यापासून मी घरभर दिवे मालवत हिंडतो, आणि तोंडून वडिलांचा आवाज निघतो. बिल दरमहा येतच नाही. तुम्ही अंदाजे किती वापराल ते ठरवून दर महिन्याला ठरावीक रक्कम कापून घेतात, आणि हिशोब वर्षानं. ऊसतोडीत मुकादम कामगाराला उचल देतो; इथं मुकादमच कामगाराकडून उचल घेतो.

भाड्यालाही दोन नावं आहेत, थंड भाडं आणि गरम भाडं. मला वाटलं, एक उन्हाळ्याचं, एक हिवाळ्याचं. थंड म्हणजे नुसतं घर. गरम म्हणजे हीटर, पाणी, जिन्यातला दिवा वगैरे धरून. आता हे हीटर लावून घर ऊबदार करायचं, आणि दिवसातून दोन-तीनदा, बाहेर बर्फ असला तरी, सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि ती भाडेकरूच्या नावावर जाते. पैसे देऊन घेतलेली ऊब रोज सकाळी मी शेजारच्या चर्चच्या दिशेनं सोडून देतो. धर्मादाय समजून.

हे सगळं मी सोसलं. खरी गंमत इंटरनेटची.

इंटरनेटला बँक खातं लागतं. बँकेला पत्त्याची नोंद लागते. घरात आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन ही नोंद करायची, आणि तिथं घरमालकाचा कागद लागतो, की हा माणूस खरोखर इथं राहायला आला आहे. तिथली वेळ मिळते इंटरनेटवर. बायकोनं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ही साखळी तोडली. मग कळवण्यात आलं, की अमुक मंगळवारी आठ ते बाराच्या दरम्यान तंत्रज्ञ येतील. मी आठला दाढी करून बसलो. साडेआठला आलं किसून ठेवलं. आपल्याकडे वायरमनला चहा विचारल्याशिवाय वायर जोडली जात नाही, निदान नीट जोडली जात नाही. बारा वाजले. बारा वाजून पाच मिनिटांनी निरोप आला : ग्राहक जागेवर आढळला नाही.

ग्राहक जागेवर होता. त्याची बेल नव्हती.

इथल्या इमारतींत सहसा फ्लॅटला नंबर नसतो. ‘बी विंग, तिसरा मजला, ३०२, मारुतीच्या देवळासमोर’ ही आपली कर्मकहाणी इथं कोणी ऐकून घेत नाही. रस्ता, घर क्रमांक आणि आडनाव, बस्स. खाली बेलच्या फळीवर आडनाव दिसलं तर तुम्ही आहात. आमच्या बेलवर अजून श्मिट होतं. तंत्रज्ञानं फळी वाचली, क्षीरसागर सापडले नाहीत, तो निघून गेला. तंत्रज्ञ वेळेवर फिरकला नाही तर कायद्यानं ग्राहकाला दहा युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या वीस टक्के, जे जास्त असेल ते, भरपाई मिळते. पण तो आला होता, आम्हीच नव्हतो. मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत उभा असताना नव्हतो.

पत्रपेटीचंही तेच. नाव नाही, सबब पत्र परत. मी वहीचा कागद फाडून त्यावर ठळक अक्षरात नाव लिहिलं आणि सेलोटेपनं पेटीवर डकवलं. इमारतीतल्या सगळ्या पट्ट्या एकसारख्या हव्यात म्हणून हाउसमाइस्टरनं, म्हणजे इमारतीच्या देखभालीवाल्यानं, तो चौथ्या दिवशी काढून टाकला. पण त्या चार दिवसांत एक पत्र पोचलंच. बँकेचं नव्हे, इंटरनेटचं नव्हे. वर्गणीचं! सरकारी धाटणीच्या रेडिओ-टीव्हीसाठी इथं प्रत्येक घराला महिना १८ युरो ३६ सेंट द्यावे लागतात. २०१३ पासून वर्गणी घराला आहे, टीव्हीला नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे टीव्हीच नाही’ हे वाक्य इथं कामाचं नाही. तुम्ही पत्ता नोंदवलात की नोंदणी कचेरी तो त्यांना कळवते. आमच्या पेठेतली पोरं वर्गणीला येतात, तेव्हा निदान आपण आतून कडी लावून गप्प बसू शकतो. आणि एक गोष्ट मान्य करायला हवी. आयुष्यभर शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत माझं आडनाव कोणी धड लिहिलं नाही. या वर्गणीवाल्यांनी ते रोमन लिपीत एकाही अक्षराची चूक न करता लिहिलं होतं.

पुढच्या खेपेला मी आठपासून खाली फाटकाशी पुठ्ठ्यावर नाव लिहून उभा राहिलो, विमानतळावरच्या ड्रायव्हरसारखा. थंडी दोन अंश. तंत्रज्ञ अकरा पन्नासला आला. तळघरातली जोडणीची पेटी कुलपात होती, किल्ली हाउसमाइस्टरकडे होती आणि हाउसमाइस्टर रजेवर होता. चहा मात्र प्याला.

त्या तीन-चार तासांत समोरच्या आजींनी मला दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा खाली आल्या आणि हातात झाडू दिला. नुसते उभेच आहात तर, असा भाव. तेव्हा मला केरवोखं कळलं. हा शब्द मी बनवलेला नाही. स्वाबियन लोक आळीपाळीनं एकेक आठवडा जिना आणि फुटपाथ झाडतात, त्याला ते खरंच असं म्हणतात. वोखं म्हणजे आठवडा, आणि केर म्हणजे... तुम्हाला काय सांगायचं! प्रत्येकानं दर आठवड्याला आपली घाण शहराबाहेर न्यावी, असा हुकूम या शहराच्या १४९२ च्या नियमांत सापडतो. त्याच साली कोलंबस हिंदुस्थानला म्हणून निघाला आणि भलतीकडे पोचला. स्टुटगार्टकर दारापुढे झाडत राहिले. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकवतात. पुणेकर असून मी त्या पाटीपुढे नमलो. तिच्यावर एकच शब्द असतो. धमकी नाही, टोमणा नाही, ‘सूचना समजत नसल्यास’ वगैरे काही नाही. तरी सगळे झाडतात. स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे म्हणे. मुंबईची बहीण म्हणजे पुणेकराला तशी लांबचीच, पण पाट्यांचं हे वळण नक्की आमच्याकडचं.

शेवटी बेलसाठी रीतसर पट्टीची मागणी नोंदवली. चौदा युरो, तीन आठवडे. पट्टीवर जागा एका आडनावाची, आणि क्षीरसागर रोमन लिपीत तिच्यात मावेना. बायको लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते : मोरे. रोमन लिपीत चार अक्षरं. इंग्रजांच्या तोंडी त्याचा ‘मोअर’ होतो, पण जर्मन माणूस ते जवळजवळ आपल्यासारखं ‘मोरे’ असं वाचतो. हाउसमाइस्टरचा चेहरा पहिल्यांदा खुलला.

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवं नाव लिहितात. माझं प्लास्टिकच्या पट्टीवर आलं, बावन्नाव्या वर्षी, पावतीसकट. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी आठ ते बाराच्या दरम्यान, नऊ वाजून दहा मिनिटांनी, इंटरनेटही आलं.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दाराला पाटी लटकत होती आणि समोर आजी उभ्या होत्या.

‘हेर मोरे?’

‘हो,’ म्हटलं, आणि झाडू घेतला.