हाच तो!

रहस्यकादंबरी हातात पडली की आमच्या सोसायटीतले काका वाचक उरत नाहीत, तपास अधिकारी होतात. चष्मा कपाळावरून नाकावर उतरतो, कानामागची पेन्सिल हातात येते आणि बारावं पान उलटायच्या आत निकाल लागतो. "माळी! खून माळ्यानेच केलाय." माळ्याने तोवर फक्त गुलाबांना पाणी घातलेलं असतं. "एवढ्या रात्री पाणी कोण घालतं हो?" हा काकांचा बिनतोड सवाल. पुस्तकात सकाळ असते, पण तपासात असल्या बारीकसारीक गोष्टी बघत बसलं तर खुनी पळून जाईल.

काकांचा पिंड बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेला. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाच्या झुंजार आणि काळापहाडने काकांचं शाळेतलं गणित पार बुडवलं, असं काकू सांगतात. पुढे इंग्रजी मंडळींशी गाठ पडली. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, हा त्यातला पहिला. काकांना तो वेदवाक्य वाटतो. उरलेले नऊ त्यांनी वाचलेले नाहीत. त्यामुळे सुरुवातीला जो दिसेल तो आरोपी. पोस्टमन, स्वयंपाकीण, एकदा तर खुद्द मयत!

वातावरणनिर्मितीचं त्यांना वावडं. "धुकं नंतर बघू, आधी मृत्युपत्र कुठाय ते सांगा." 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स'मधलं डार्टमूरचं धुकं त्यांनी असंच ओलांडलं. त्याच धुक्यापायी ऐन वेळी होम्सचा बेत फसायची पाळी येते, हे त्यांच्या गावीही नाही.

अगाथा ख्रिस्तीच्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'ची (१९३४) गोष्ट मात्र न्यारी. बर्फात अडकलेल्या त्या गाडीत काकांनी एकेका प्रवाशावर संशय घेतला, कुणालाही सोडलं नाही. त्या पुस्तकापुरती ही पद्धत कशी ठरली, ते वाचलेल्यांनी गालातल्या गालात हसून घ्यावं. इतरांना मी सांगणार नाही. तिच्याच 'द माऊसट्रॅप' या १९५२ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या नाटकात शेवटी प्रेक्षकांना विनवतात, की बाहेर जाऊन खुनी कोण ते सांगू नका. काका अजून लंडनला गेलेले नाहीत, हे त्या नाटकाचं नशीब.

शेवटच्या पानावर भलताच कुणी निघाला तरी काका डगमगत नाहीत. "मला त्याचाही संशय होताच!" आणि ते खोटं नसतं. काकू तेवढ्यात आतून म्हणतात, "अहो, सगळ्यांना अटक झाली असेल तर पानं घेतलीत, जेवायला या."

तेव्हा वाचकहो, ग्रंथालयातून आणलेल्या रहस्यकथेत एखाद्या नावापुढे पेन्सिलीने 'हाच!' लिहिलेलं दिसलं, तर रहस्य फुटलं म्हणून पुस्तक मिटू नका. पुढे वाचा. असे आणखी सहा-सात 'हाच!' भेटतील.