कुंपणावरची फ्रेंच मंडळी

"माई, तुमच्या बोगनवेलीने वैताग आणलाय बघा. परवा वाळत घातलेल्या सांडग्यांत गुलाबी पाकळ्या निघाल्या. आमचे हे म्हणाले, यंदा काही नवीन प्रकार केलास का?"

माई स्टुलावर उभ्या राहून वेल छाटत होत्या. कात्री थांबवून त्यांनी कुंपणावरून एक घोस माझ्या हातात दिला. "आधी नीट बघ. पाकळ्या कुठायत? ही तीन रंगीत पानं आहेत. प्रत्येक पानाच्या पोटाशी ती बारीक नळी दिसते ना, टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं तोंड असलेली? खरं फूल ते. इतकी वर्षं शेजारी राहतेस आणि पानाला पाकळी म्हणतेस!"

"कचरा तो कचराच. पान काय नि पाकळी काय."

"आणि जरा मानाने बोल. बोगन म्हणजे कोण, ठाऊक आहे? बुगँव्हिल! फ्रेंच दर्यासारंग. त्याच्या नावाची वेल आहे ही."

मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. मधुमालती, जाई, जुई, तशीच बोगनवेल, अशी माझी आजवरची समजूत. त्यात कोणी साहेब लपला असेल हे मला कसं कळावं? पण माईंना हल्ली फ्रेंचचं भरतं आलंय, त्याचं कारण मला माहीत होतं. त्यांच्या नातीने अकरावीला फ्रेंच घेतलंय. संस्कृत नको, फ्रेंचला मार्क चांगले पडतात म्हणून. तिला आता तक्ता करायचाय, 'दहा प्रसिद्ध फ्रेंच व्यक्ती'. आणि आपल्याकडची पद्धत ठरलेली. प्रोजेक्ट नातीचा, जागरण आजीचं.

"मेली भाषा तरी कसली," माई म्हणाल्या. "शब्दाचं शेवटचं अक्षर लिहायचं, पण म्हणायचं नाही. मी म्हटलं, मग शाई कशाला वाया घालवता? तर म्हणते, आजी, तू मध्ये बोलू नकोस."

"कोण कोण घेतलंय तक्त्यात?"

"नेपोलियन आलाच."

"तो बुटका ना?"

"कसला बुटका! त्यांच्या मापाने पाच फूट दोन इंच. पण फ्रेंच इंच इंग्रजांच्या इंचापेक्षा मोठा. आपल्या हिशेबात साडेपाच फूट तरी होईल. तुमच्या ह्यांच्याएवढा. इंग्रज व्यंगचित्रकारांनी त्याला बुटका काढला आणि तेवढंच जगाच्या लक्षात राहिलं."

आमच्या ह्यांचं नेपोलियनशी कुठेतरी जुळतं, हे पहिल्यांदाच कळलं. मी विषय बदलणार तेवढ्यात घंटागाडीचं गाणं वाजलं. दोघींची पळापळ झाली. माझ्या बादलीत वरून बोगनवेलीचा पाला नि खाली रिकामी तेलाची पिशवी. गाडीवरच्या बाईने नेहमीप्रमाणे डोळे वटारले. "ताई, ओला सुका वेगळा करायला कितीदा सांगायचं?" मी मुकाट्याने पिशवी उचलली. परत आले तर माई हसत होत्या.

"तुझ्यासारख्या बायका पॅरिसमध्येही होत्या. १८८४ साली तिथल्या पुबेल नावाच्या बड्या अधिकाऱ्याने हुकूम काढला. प्रत्येक घरमालकाने भाडेकरूंना कचऱ्यासाठी झाकणाचे डबे द्यायचे. एकात सडणारा कचरा. दुसऱ्यात कागद आणि चिंध्या. तिसऱ्यात काचा, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले."

"शिंपल्यांचा वेगळा डबा?"

"खात होते तेवढे. तोपर्यंत सगळा कचरा सरळ रस्त्यावर. मग काय, घरमालक ओरडले, खर्च कोण करणार. इमारतीचे रखवालदार ओरडले, डबे कोण उचलणार. उकिरड्यावर चिंध्या वेचून पोट भरणारे ओरडले, आमच्या पोटावर पाय आला. वर्तमानपत्रांनी चिडवायला त्या डब्यालाच पुबेलचं नाव चिकटवलं. काही वर्षांत ते शब्दकोशातही गेलं. आजही फ्रान्समध्ये कचऱ्याच्या डब्याला पुबेल म्हणतात. बिचाऱ्याने पुढे पॅरिसमधली घरं गटारांना जोडून घ्यायची सक्ती केली, शहराला केवढी मदत झाली. पण नाव राहिलं ते डब्यावर."

"म्हणजे चांगलं काम करायचं आणि लोकांनी नावाने शिव्या घालायच्या."

"गिलोटिनचं ऐक मग. तो गियोतँ साधा डॉक्टर. फाशीच्या शिक्षेच्याच विरुद्ध. पण ती रद्द होईना, तेव्हा १७८९ मध्ये राष्ट्रीय सभेत म्हणाला, निदान श्रीमंताला तलवार आणि गरिबाला हाल असा भेदभाव नको, सगळ्यांना सारखं आणि झटपट मरण द्या. यंत्र त्याने केलंच नाही. आराखडा दुसऱ्या डॉक्टरचा, बांधणी एका वाद्यं करणाऱ्या जर्मन कारागिराची. नाव मात्र याच्या गळ्यात."

"गळ्यात काय, गळ्यावर!"

"लोक समजतात त्याचंही डोकं त्यातच उडालं. खोटं आहे. १८१४ मध्ये स्वतःच्या अंथरुणात गेला."

एवढ्यात माझ्या स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली. तुरीची डाळ, तीन शिट्ट्या लागतात. मी तिथूनच ओरडले, "ही पहिली!" माईंनी बोट वर केलं, जणू शिट्टी त्यांच्याच मुद्द्याला वाजली होती.

"हा देनी पापँ. याला नातीने तक्त्यात घेतलं नाही, म्हणून माझं तिच्याशी भांडण झालं. १६७९ मध्ये लंडनला याने घट्ट झाकणाचं भांडं केलं. वाफ कोंडायची आणि हाडंसुद्धा लोण्यासारखी मऊ करायची. भांडं फुटू नये म्हणून वाफ जास्त झाली की आपोआप उचलली जाणारी झडप बसवली. तुझी शिट्टी म्हणजे त्या झडपेचीच नात. पुढे वाफेवर दट्ट्या हलवण्याची कल्पनाही त्याने मांडली. आणि शेवटी लंडनमध्येच, दारिद्र्यात गेला. सकाळी साऱ्या आळीत त्याच्या झडपा वाजतात. नाव कोणाला माहीत आहे?"

"दुधाच्या पिशवीवर नाव असतं तो कोण? पाश्चर."

"तो नशीबवान. पण गंमत अशी, की त्याने तो तापवण्याचा उद्योग केला दुधासाठी नव्हे, वाइनसाठी. फ्रान्सची वाइन बाहेरगावी पाठवली की आंबट व्हायची. याने दाखवलं, उकळायची गरज नाही, पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवली की बिघडवणारे जंतू मरतात. दुधाला ती युक्ती नंतर लागली. तू संकष्टीला खीर करतेस ना, त्या दुधाचं मूळ दारूच्या पिंपात आहे."

मी कानाला हात लावला. "सासूबाईंना सांगू नका."

"पिसाळलेल्या कुत्र्याच्या लशीचाही तोच. १८८५ च्या जुलैत एक आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसला आली. कुत्र्याने जागोजागी फाडलेला. पाश्चर रसायनशास्त्रातला, त्याला सुई टोचायचा अधिकारच नव्हता. डॉक्टराने टोचल्या, दहा-अकरा दिवसांत तेरा. पोरगा वाचला आणि मोठेपणी पाश्चरच्याच संस्थेत रखवालदार झाला. आपल्या लहानपणी कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं म्हणून घाबरवायचे ना, त्या गोष्टीची सुरुवात ही."

दुसरी शिट्टी झाली. मी घाईने विचारलं, "तक्त्यात बायका आहेत की नाही?"

"दोन. क्युरीबाई आणि जोन ऑफ आर्क. क्युरीबाई जन्माने पोलंडच्या, पण काम सगळं पॅरिसला. १९०३ च्या नोबेलसाठी फ्रेंच विद्वानांनी नावं पाठवली, त्यात नवऱ्याचं होतं, हिचं नव्हतंच. एका स्वीडिश गणितज्ञाने नवऱ्याला कळवलं. नवरा सरळ, त्याने लिहून दिलं की हिचा विचार झालाच पाहिजे. म्हणून मिळालं."

"आणि नवरा गप्प बसला असता तर?"

"तर तक्त्यात एक बाई कमी. आणि जोन. एकोणीस वर्षांची पोर, १४३१ मध्ये जिवंत जाळली. तिच्यावरच्या आरोपांत एक काय होता माहीत आहे? पुरुषाचे कपडे घातले." माई थांबल्या. मग कात्रीने वेलीकडे खूण केली. "पुरुषाचे कपडे घातलेली आणखी एक बाई होती. ती या वेलीत आहे."

आता मात्र मी कुंपणाला टेकले. डाळीचं व्हायचं ते होऊ दे.

"झान बारे तिचं नाव. बर्गंडी प्रांतातल्या खेड्यातली, १७४० चा जन्म, घरची गरिबी. कॉमेर्सों नावाचा एक वनस्पतींचा अभ्यासक होता. त्याची बायको बाळंतपणानंतर गेली. त्याचं घर सांभाळायला ही राहिली."

"नुसतं घर?"

"तुला बरं तेच सुचतं! पण बरोबर सुचलं. १७६४ मध्ये हिला दिवस गेले आणि दोघं पॅरिसला निघून गेले. मूल अनाथालयात ठेवलं, ते जगलं नाही. मग राजाच्या हुकमाने बुगँव्हिल जगाच्या सफरीवर निघाला, आणि वनस्पती गोळा करायला त्याने कॉमेर्सोंला घेतलं. याची तब्येत तोळामासा. पायाला जखम, ती बरी होईना. सेवेला हीच हवी. पण फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बाईला बंदी. मग काय केलं? रोशफोर बंदरात एक तरुण नोकर सामान घेऊन हजर झाला आणि 'साहेब, नोकरी आहे का' म्हणाला. दोघं एकमेकांना ओळख नसल्यासारखे."

"अगंबाई! आणि जहाजावर? शेकडो पुरुषांत?"

"साहेबांच्या पेट्या आणि सामान इतकं होतं, की कप्तानाने आपली खोली त्यांना दिली. तिथे आडोसा मिळाला. बाकी काम पुरुषाच्या वरचं. डोंगर चढायचे, बंदूक, शिधा, झाडं दाबायच्या जड वह्या पाठीवर घ्यायच्या. कॉमेर्सों तिला आपलं ओझ्याचं जनावर म्हणायचा."

"मेल्याला लाज नाही."

"रिओ दि जानेरोला जहाज लागलं, तिथे ही वेल सापडली. नाव दिलं सफरीच्या प्रमुखाचं. आता तूच सांग, ज्याचा पाय धड टेकत नव्हता तो रानात किती हिंडला असेल? तिनेच तोडून आणली असं कुठे लिहिलेलं नाही. पण माझं मत तेच."

माझंही झालं. स्वयंपाक मी करायचा आणि पंगतीत ह्यांनी म्हणायचं, 'कशी झालीय आमटी?' हे मला नवीन नव्हतं.

"मग पकडली कशी?"

"ताहिती बेटावर, १७६८ च्या एप्रिलमध्ये. बुगँव्हिलने लिहिलंय, की किनाऱ्यावर उतरली तशी तिथल्या लोकांनी तिला गराडा घातला. ही बाई आहे, म्हणाले. जहाजावरच्यांना वर्षभर कळलं नाही, ते त्यांना पाहताक्षणी कळलं. म्हणजे निदान त्याने तसं लिहिलं. वर्षभर कोणाला संशयच आला नाही, हे मला काही पटत नाही. पण बुगँव्हिल माणूस दिलदार. शिक्षा केली नाही, पुस्तकात तिचं कौतुक केलं. पुढे मॉरिशसला दोघं उतरली ती राहिलीच. तिथे कॉमेर्सों १७७३ मध्ये वारला. आठ दिवसांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्याला सभासद निवडलं. मेल्याची बातमी अजून पोचायची होती."

"आणि ती?"

"एकटी पडली. पण रडत बसली नाही. १७७४ मध्ये एका फ्रेंच सैनिकाशी लग्न केलं आणि त्याच्याबरोबर फ्रान्सला परतली. घरी पोचली तेव्हा पृथ्वीची प्रदक्षिणा पुरी झाली होती. माहितीतली पहिली बाई. १७८५ मध्ये आरमार खात्याने तिला वर्षाला दोनशे लिव्हरचं पेन्शन बांधून दिलं. ज्या आरमाराच्या जहाजावर बाईला बंदी होती, त्याच आरमाराने. १८०७ मध्ये म्हातारी होऊन आपल्या घरात गेली. जोनचं जे झालं ते हिचं झालं नाही, एवढं बरं."

"वेलीचं सोडा, एखाद्या गवताला तरी तिचं नाव दिलं का?"

"कॉमेर्सोंने एका झाडाला द्यायचं ठरवलं होतं, पण त्या झाडाला आधीच दुसरं नाव पडलेलं. ते गेलं. त्याच्या स्वतःच्या नावाने सत्तरच्या वर जाती आहेत. हिच्या नावाने एकही नाही. थेट २०१२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एका रानवनस्पतीला दिलं, सोलॅनम बारेतिए. सोलॅनम म्हणजे कोण, माहीत आहे? तुझ्या अंगणातलं वांगं. बटाटा, टोमॅटोही त्याच गोतातले."

मी मागे वळून वांग्याच्या रोपांकडे पाहिलं. दोन जांभळी फुलं आली होती. तेवढ्यात तिसरी शिट्टी, मग चौथी, मग जळका वास. पापँची झडप आपलं काम चोख करत होती, चूक माझीच होती.

संध्याकाळी नात तक्ता दाखवायला आली. दहा चौकोन भरलेले, खाली कोपऱ्यात आजीच्या हस्ताक्षरात अकरावा. त्यात चित्र नाही, नुसतं नाव, झान बारे. "आजी ऐकतच नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, ऐकू नये तिने.

माईंनी वेल काही फारशी छाटली नाही. सांडग्यांत गुलाबी पान अजूनही सापडतं. पण आता मी शिव्या साहेबांच्या नावाने देते, बाईंच्या नाही.