जावई गुंतवणूकदार झाले

ती. नाना आणि सौ. आई यांस,
एडिसनहून शि. सा. नमस्कार.

तुमचे जावई गुंतवणूकदार झाले आहेत. अजून एक पैसाही गुंतवलेला नाही, तो भाग वेगळा. ऑफिसातल्या कुणीतरी पनवेलला फ्लॅट घेतला आणि ह्यांची झोप उडाली. आता आमच्या बेसमेंटमध्ये न्हावा शेव्याचा भलामोठा नकाशा लागला आहे. माझंच माहेर भिंतीवर चढलंय म्हटल्यावर मी काय बोलणार?

रोज रात्री एजंटचा व्हिडिओ कॉल असतो. त्याच्या तोंडी किलोमीटर म्हणून नाही, सगळं मिनिटांत. अटल सेतू सात मिनिटं, विमानतळ बारा मिनिटं, स्टेशन तर "हे काय, समोर!" सेतू 21.8 किलोमीटरचा आहे, कारला एका फेरीचा टोल 250 रुपये आणि दुचाकीला बंदी, हे मी मध्येच सांगितलं. मग नानांची स्कूटर शिवडीला पोचणार कशी? तो म्हणाला, "मॅडम, इन्व्हेस्टर स्कूटरवर फिरत नाही." मग त्यानं 'सी-व्ह्यू' दाखवला: चिखल, खारफुटी आणि लांबवर बंदराच्या क्रेन. जागा मी लगेच ओळखली. काका ओहोटीला निवट्या पकडायला जायचे तीच. किनारा नियमनाचं, म्हणजे सीआरझेडचं, विचारलं, तर त्याचं नेटवर्क गेलं.

ह्यांचा जीव मात्र गुंठ्यांत अडकलेला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हे पाठ करून झालं. 'शेतजमीन स्वस्तात घ्या, दोन वर्षांत एनए, म्हणजे बिनशेती, होते' अशी एजंटची हमी. शेवटी सीएनं सांगितलं की परदेशात राहणाऱ्या भारतीयाला फ्लॅट, दुकान, एनए प्लॉट घेता येतो, पण फेमा कायद्यानं शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसानं आली तर चालते. तेव्हापासून, नाना, हे तुमच्या तब्येतीची फार चौकशी करतात. मनाला लावून घेऊ नका.

वारसा कसला, शेतं तर सिडकोकडे गेली, असं मी म्हटलं. जानेवारी 1984 मधल्या जासईच्या आंदोलनातला गोळीबार सांगितला, गेलेली पाच माणसं सांगितली. दि. बा. पाटलांनी लढा दिला तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, हेही सांगितलं. ह्यांनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "साडेबारा टक्के वर्षाला का?"

त्या रात्री मी जेवायला वाढलं नाही.

त्यानंतर जरा सुधारणा आहे. आता महारेराचा नंबर पाहिल्याशिवाय हे कुठलाही नवा प्रकल्प बघत नाहीत. एजंटला तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागितला. 'टायटल एकदम क्लिअर' म्हणणारा तो माणूस तेव्हापासून मौनात आहे. माझं विचाराल तर पहिल्याच खेपेला गुंठे नकोतच. उलव्याला किंवा द्रोणागिरीला तयार इमारतीत लहानसा फ्लॅट बघावा, ज्याचं भाडं पुढच्या महिन्यापासून हातात येईल. 'तिसरी मुंबई' होईल तेव्हा होईल, तिच्या भरवशावर हप्ते कोण भरणार? साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरची इमारत असली, तर सिडकोचा भाडेपट्टा कुणाच्या नावे आहे, हस्तांतरणाची परवानगी झाली का आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का, एवढं वकिलाकडून बघून घ्यायचं.

बाकीचं दादाचं काम. त्याला म्हणावं, दोन-तीन इमारतींत जाऊन वॉचमनशी बोल. पाणी किती वेळ येतं, रात्री कंटेनरचे ट्रेलर कुठल्या बाजूनं जातात, किती फ्लॅटमध्ये दिवे लागतात, हे विचार. वकील ह्यातलं काही सांगत नाही.

आणि हे दादाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं म्हणतायत. वहिनीला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस, असं त्याला बजावा.

तुमची लेक