इलेक्ट्रोडचं सोवळं

आमच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत सगळ्यात कडक सोवळं कोण पाळत असेल, तर तो आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड. परक्याला ती नुसती वायर लावलेली कांडी वाटते. पण त्याच्या टोकाला बोट लावायचं नाही, अंग पुसायचं नाही, टिश्यू पेपरने हलकेच टिपायचं. दर नमुन्यानंतर आंघोळ हवी. द्रावणं दाखवायची तीही पातळापासून दाटाकडे. उलट क्रम झाला की विटाळ होतो आणि आकडे चढतात.

त्यातही प्रत्येकाचा संप्रदाय निराळा. पीएचचा काचेचा इलेक्ट्रोड सदैव ओलेत्याने, पोटॅशियम क्लोराइडच्या ३ मोलर खारट पाण्यात राहणार. आमच्या परिचर मामांच्या लेखी मात्र डिस्टिल्ड वॉटरसारखं पवित्र काही नाही. त्यात तो रात्रभर बुडवून ठेवला, की सकाळी एक आकडा सांगायला स्वारी ताटकळत ठेवते. नायट्रेटवाल्याच्या टोकाला पीव्हीसीचा नाजूक पडदा. त्याला अल्कोहोल, ॲसिटोन वर्ज्य आणि घासणं तर महापाप. डेअरीतल्या इलेक्ट्रोडवर दुधाची प्रथिनं चढली, की त्याला आम्लात कालवलेलं पेप्सिन द्यावं लागतं. तुमच्याआमच्या जठरात असतं तेच!

फ्लोराइडवाल्याची तऱ्हा सगळ्यांवर कडी करणारी. १९६६ साली फ्रँट आणि रॉस यांनी तो जगापुढे आणला. त्याच्या टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो, त्यात चिमूटभर युरोपियम. हा स्फटिक मळला की टूथपेस्टने घासायचा, आणि टूथपेस्टही फ्लोराइडचीच हवी. हे मी मनचं सांगत नाही, माहितीपुस्तिकेत असतं.

पण पुस्तिका लेखा विभागाने वाचलेली नसते. टूथपेस्टचा खरेदी प्रस्ताव 'कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक स्वच्छतेचा खर्च देय नाही' असा शेरा घेऊन परत आला. 'सदर टूथपेस्ट उपकरणासाठी आहे' असा खुलासा केला, तर 'उपकरणास दात असल्याचे प्रमाणपत्र जोडावे.' अखेर मामांनी घरची ट्यूब आणली. ती निघाली लवंगेची, फ्लोराइडचा स्पर्शही नसलेली!

आता यातली गंमत बघा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत पाण्यातल्या जादा फ्लोराइडने पोरांच्या दातांवर डाग पडतात. ते फ्लोराइड मोजणाऱ्याचं दंतमंजन मात्र फ्लोराइडचं! म्हणून घासल्यावर त्याला भरपूर धुवावं लागतं, नाहीतर बोअरच्या पाण्याऐवजी ट्यूबचाच अहवाल निघायचा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरी सोय नसेल तर दीडपर्यंत. अर्ध्या मिलिग्रॅमच्या या फटीत गावाचा हातपंप अडकलेला असतो, त्यामुळे हे सोवळं हसण्यावारी नेता येत नाही.

नव्याने प्रयोगशाळेत आलेल्यांना माझं एवढंच सांगणं. हात शिवशिवले तरी आधी कॅलिब्रेशन करा. २५ अंश तापमानाला तीव्रता दहापट बदलली की फ्लोराइडवाल्याने साधारण ५४ ते ६० मिलिव्होल्टचा फरक दाखवायला हवा. तेवढा दाखवत असेल, तर तो दिसायला कितीही कळकट असो, ब्रश जागेवर ठेवा आणि नमुने तपासायला घ्या.