अस्सलबरहुकूम

जिल्हा कोर्टाच्या फाटकासमोर टायपिस्ट, स्टॅम्पवेंडर, झेरॉक्सवाला आणि अमृततुल्य अशी एक रांग असते. तिच्यात शेवटून दुसऱ्या गाळ्यात हे काका बसलेले असतात. गाव पुणे धरा, सांगली धरा, नागपूर धरा, काका तेच. पाटीवर त्यांचं पूर्ण नाव असतं, पण ते कुणी वाचत नाही. लोकांच्या नजरेत भरते ती खालची ओळ : 'जन्म, विवाह, मृत्यू दाखल्यांचे प्रमाणित भाषांतर. परदेशासाठी.' मृत्यूचा दाखला घेऊन माणूस परदेशी कशाला जाईल, असा प्रश्न नवख्याला पडतो. पण पहिली बायको वारल्यावर दुसरं लग्न केलेल्या माणसाला अमेरिकेचा व्हिसा हवा असेल, तर पहिलीलाही कागदरूपानं बरोबर न्यावं लागतं.

काका कोर्टातूनच निवृत्त झालेले. चष्म्याला दोरी, खिशात तीन पेनं : निळं, काळं आणि हिरवं. हिरवी शाई ही राजपत्रित अधिकाऱ्यांची मिरास आणि काका राजपत्रित कधीच नव्हते. हिरवं पेन ते वापरतही नाहीत. नुसतं बाळगतात.

जगातल्या देशांबद्दल त्यांची मतं ठाम आहेत, आणि ती त्या देशांच्या फॉर्मांवरून झालेली आहेत. "अमेरिका सरळ," ते सांगतात. "भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि ते करायला मी लायक आहे, एवढं लिहून खाली सही करा म्हणते. नोटरी नको, शिक्का नको. विश्वास ठेवते बिचारी." कॅनडा संशयी. तिथं नात्यातल्या माणसाचं भाषांतर चालत नाही, आणि भाषांतरकार अधिकृत परवान्याचा नसला तर त्यानं नोटरीसमोर शपथेवर लिहून द्यायचं. जर्मनीचं नाव काढलं की काका पेन खिशात ठेवतात. २००५ साली भारत अपॉस्टिलच्या हेग करारात सामील झाला, तेव्हा जर्मनीनं आक्षेप घेतला. त्यामुळे इतरत्र ज्या चौकोनी स्टिकरवर काम भागतं, त्याला जर्मन कचेरी विचारत नाही. ती आपला वकील नेमून दाखला मूळ दप्तराशी ताडून घेते आणि त्यात महिने जातात. भाषांतर तर तिकडच्या कोर्टात शपथ घेतलेल्या माणसाचंच लागतं. "म्हणजे आपल्याला चहाचेसुद्धा पैसे नाहीत," हा निकाल.

अमेरिकेला शिक्का नको, तरी काकांकडे चार शिक्के आहेत. कारण तो गिऱ्हाइकाला हवा असतो. नुसत्या सहीचा कागद हातात दिला की माणूस उलटसुलट करून बघतो आणि खालच्या आवाजात विचारतो, "एवढंच?" मग काका गोल शिक्का उमटवतात, त्याच्याशेजारी चौकोनी उमटवतात, तारखेचा वर आडवा मारतात. गिऱ्हाईक समाधानानं पाकीट काढतं. काका शिक्क्यांचे वेगळे पैसे घेत नाहीत. माझ्या मते घ्यायला हवेत, कारण खरी सेवा तीच आहे.

मात्र कागदात जे आहे ते, जसं आहे तसं, सगळंच्या सगळं उतरवायचं, यावर ते हटून असतात. जन्मदाखल्याच्या तळाशी जन्ममृत्यूची नोंद करा म्हणून सरकारी आवाहन छापलेलं असतं. ते त्याचंही भाषांतर करतात. अर्धवट उमटलेल्या शिक्क्याला 'गोल शिक्का, अस्पष्ट' असं लिहितात. एका दाखल्यावर मधोमध शाई सांडली होती, तर चौकटी कंसात 'शाईचा डाग' आलं. गिऱ्हाईक चिडलं. "डाग कशाला इंग्रजीत?" "उद्या तिकडच्या साहेबाला वाटेल, इथं काहीतरी होतं आणि मी गाळलं."

तारखांच्या बाबतीत तर त्यांच्यासमोर महाराष्ट्राचं पितळ रोज उघडं पडतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर विश्वास ठेवायचा, तर अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचं वय तेव्हा भरायला हवं, आणि घरात कुणाला विचारलं तर 'मोठा पूर आला त्या सालातला' इतपतच माहिती मिळायची. गुरुजींनी टाक उचलला आणि १ जून घालून वर्गच्या वर्ग जन्माला घातले. नंतर कुठल्याशा ग्रामपंचायतीत खरी नोंद सापडते : १४ ऑक्टोबर. पासपोर्टवर १ जून, दाखल्यावर १४ ऑक्टोबर, आणि मुलगा न्यू जर्सीहून फोनवर, "काका, तेवढी एक तारीख जुळवून घ्या ना." काका फोन कानापासून लांब धरतात, जणू त्यातून लाच बाहेर येतेय.

जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेली माणसं हे काकांचं हक्काचं शेत. त्यांची नोंद बहुधा नसतेच. मग नोंद नसल्याचा दाखला काढायचा, त्याचं भाषांतर करायचं, आणि जन्म झाल्याचं माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. ऐंशी वर्षांच्या माणसाला जन्म पाहिलेला साक्षीदार आणायला सांगणं, हे काम काका निर्विकार चेहऱ्यानं करतात. क्वचित नोंद असते, पण गाव नमुना १४ च्या जुन्या रजिस्टरात आणि मोडीत. काकांना मोडी येत नाही. ते तिथून मोडीवाल्याकडे पाठवतात आणि पाठवताना त्यांचा आवाज जरा उतरतो.

एकदा झेरॉक्सच्या रांगेत मी असताना त्यांच्यापुढे एक आजी-आजोबा बसले होते. मुलगा अमेरिकेचा नागरिक, आईवडिलांसाठी अर्ज भरतोय. त्याच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सिंधू. आजींच्या पासपोर्टवर अनुराधा. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं. नोंद करायला आजींचे वडील गेले आणि त्यांनी लेकीचं नाव त्यांना ठाऊक होतं तेच सांगितलं.

"अहो, ही हीच," आजोबा म्हणाले. "पन्नास वर्षं बघतोय."

"तुम्ही बघताय हो. कागदावर दोन बायका दिसतायत."

आजी एकदम सावरून बसल्या. "दुसरी कोण?"

काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "नाव बदललं कधी?"

"लग्नात. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीनं लिहिलं की."

"त्याचा पुरावा?"

"तांदळाचा?" आजोबांनी विचारलं. "त्याची त्याच आठवड्यात खीर झाली असणार."

"लग्नाची नोंद?"

"पत्रिका आहे." आजींनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपलेली पत्रिका काढली. कडेला हळद, वर गणपती. आत 'चि. सौ. कां. सिंधू'. अनुराधा नावाच्या बाईचा कुठेही उल्लेख नाही.

काकांनी पत्रिका भिंगाखाली धरली, उलटी करून पाहिली, छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. मग डॉक्टरांसारखं एका चिठ्ठीवर लिहायला घेतलं : विवाह नोंदणी, राजपत्रात नावबदल, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. "लग्न लावणारे गुरुजी?"

"वारले."

"मग तेही लिहून द्यावं लागेल."

आजोबांनी चिठ्ठी घेतली आणि आजींकडे पाहत म्हणाले, "तेव्हा सिंधूच ठेवायला हवं होतं." आजी म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं." पन्नास वर्षांनंतर निकाल लागलेला तो बहुधा त्या कोर्टासमोरचा एकमेव दावा.

हा स्वभाव गाळ्याचं शटर ओढल्यावर उतरत नाही. शेजारणीनं दारातून विचारलं, "काकू आहेत का?" तर उत्तर येतं, "सकाळी सव्वानऊला पाहिल्या होत्या. त्यानंतरची माहिती उपलब्ध नाही." लग्नाला गेले तर अक्षता टाकायच्या आधी नवऱ्यामुलाला बाजूला घेऊन बजावतात, की नोंदणीच्या अर्जावर दोघांची नावं पासपोर्टबरहुकूम घाला, स्पेलिंगसकट. देशपांडेंच्या इंग्रजी स्पेलिंगात एका भावाला एक 'ए' जास्त, म्हणून सख्खे भाऊ परके ठरल्याचं उदाहरण तिथल्या तिथे ऐकवतात. लोक टाळतात त्यांना पंगतीत. पण घरातला पोरगा टोरंटोला निघाला की हीच मंडळी त्यांचा फोन नंबर शोधत फिरतात.

धंदा आता उतरणीला लागलाय. नवे जन्मदाखले मराठी-इंग्रजी असे दुहेरीच छापून येतात. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना पासपोर्टलाच जन्मदाखला लागतो, तेव्हा गुरुजींचा १ जून संपला. वर भाचा मोबाइल नाचवत येतो : फोटो काढा, क्षणात भाषांतर. काकांनी एक दाखला त्याला करून दाखवायला सांगितला. भाषांतर सुरेख झालं. फक्त मूळ कागदात कारकुनानं वडिलांच्या नावात केलेली चूक मशीननं परस्पर सुधारली होती आणि डाग गाळला होता. "हुशार आहे, तेच वाईट," काका म्हणाले. "आणि खाली सही कोण करणार? पत्ता कुणाचा घालू?"

गेल्या वर्षी त्यांची वेळ आली. मुलगी कॅनडात, तिला मूल होणार, काका-काकूंना सुपर व्हिसा हवा. नातं सिद्ध करायला मुलीचा जन्मदाखला, नगरपालिकेचा, हातानं लिहिलेला, मराठी. आणि अर्जदारानं स्वतः केलेलं भाषांतर कॅनडाला चालत नाही. काका दोन दिवस गाळ्यात गप्प बसले. तिसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून समोरच्या भाषांतरवाल्याकडे गेले. त्याच्याबद्दल त्यांनी आजवर एकच वाक्य उच्चारलेलं : तो 'अस्पष्ट' लिहीत नाही, अंदाज करतो.

समोरच्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, संध्याकाळी तीन पानं हातात ठेवली. काकांनी भिंग काढलं. पहिल्या पानावर स्वल्पविराम. दुसऱ्यावर नगरपालिकेच्या शिक्क्याचा आकार, तो लंबगोल होता. तिसरं पान त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं.

"तळाची सूचना राहिली."

"ती कोण वाचतं हो?"

"ती कागदावर आहे."

समोरच्यानं मुकाट्यानं कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, सूचना टाइप केली, प्रिंट काढली, शिक्का मारला, आणि पावतीवर एक ओळ वाढवली : जादा मजकूर, रुपये पन्नास. काकांनी पावतीही भिंगाखाली धरली आणि सांगितलं, आकड्याबरोबर रक्कम अक्षरीही लिहा.