टेराफ्लॉपशौकीन

मावळ तालुक्यात, विशेषतः तळेगाव दाभाडे ते लोणावळा या लोहमार्गालगतच्या पट्ट्यात, गेल्या काही वर्षांत तरुणांचा एक वर्ग उदयास आला असून बैलगाडाशौकिनाच्या धर्तीवर त्यास टेराफ्लॉपशौकीन म्हणावयास हरकत नाही. टीव्हीला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राला कन्सोल म्हणतात. परंतु या वर्गाच्या लेखी खेळणे ही त्या यंत्राची अगदी दुय्यम बाजू असून, कोणत्या कंपनीचा कन्सोल सेकंदाला किती गणिते उरकतो हाच खरा जिव्हाळ्याचा विषय होय. शौकिनाच्या घरी कन्सोल असतोच असे नाही. बहुधा तो नसतो, आणि नसल्यामुळे अभ्यासात कधी खंड पडल्याचे आढळत नाही.

या शास्त्राचे एकक टेराफ्लॉप. दशांशचिन्ह असलेल्या संख्यांवरील एक बेरीज किंवा एक गुणाकार सेकंदाभरात झाला की एक फ्लॉप भरतो, आणि असे एक लाख कोटी फ्लॉप मिळून एक टेराफ्लॉप होतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये चित्र रंगवण्याचे काम ५२ गणनकक्षांकडे असते. प्रत्येक कक्षात ६४ गणक, प्रत्येक गणक यंत्रातल्या घड्याळाच्या दर ठोक्याला दोन क्रिया करणारा, आणि ठोके सेकंदाला १८२.५ कोटी, असा गुणाकार केला म्हणजे १२.१५ टेराफ्लॉप येतात. सोनीच्या प्लेस्टेशन ५ मध्ये कक्ष ३६ च आहेत, मात्र ठोके २२३ कोटींपर्यंत चढत असल्यामुळे तेथे हिशेब १०.२८ वर थांबतो. हा गुणाकार शौकीन चहाचा कप खाली न ठेवता तोंडी करतो. दहावीला गणितात तो काठावर कसा काय उत्तीर्ण झाला होता, हे त्याच्या शिक्षकांना अद्याप उलगडलेले नाही.

या वर्गाच्या इतिहासातील सुवर्णकाळ म्हणजे २०२० चे वर्ष. एक्सबॉक्सचे सविस्तर आकडे १६ मार्चला जाहीर झाले, प्लेस्टेशनचे १८ मार्चला, आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. आकडे हाती, यंत्रे अद्याप बाजारात नाहीत आणि घराबाहेर पडण्यास मनाई, असा योग शास्त्रार्थाला क्वचितच लाभतो. एक्सबॉक्स भारतात १० नोव्हेंबरला आला, तर प्लेस्टेशन २ फेब्रुवारी २०२१ ला; तोवर हा वाद यंत्राचा कसलाही अडथळा न येता चालू राहिला. मधे ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ मावळावरून गेले, पॉलिहाऊसचे कागद फाटले, विजेचे खांब पडले, तरीही मोबाईलमध्ये चार्जिंग शिल्लक असेपर्यंत बारा मोठे की दहा हा प्रश्न सोडवण्याचे काम थांबले नाही.

पंथ अर्थातच दोन आहेत. एक्सबॉक्सपंथीयांचा सारा भर १२.१५ भागिले १०.२८ या एका भागाकारावर असतो, आणि त्यातून निघणारी सुमारे १८ टक्क्यांची आघाडी ते सातबाऱ्यावरील नोंदीसारखी पुढे करतात. प्लेस्टेशनपंथीय ही आघाडी नाकारत नाहीत. ते विषय बदलतात. साठवणीतून माहिती उचलण्याचा त्यांच्या यंत्राचा मूळ वेग सेकंदाला ५.५ गिगाबाइट असून प्रतिस्पर्ध्याचा २.४ च आहे, हे ते सांगतात, आणि सांगताना आवाज किंचित खाली आणतात. ऐन नोव्हेंबरात ‘असॅसिन्स क्रीड वाल्हाला’ हा खेळ दोन्ही यंत्रांवर चालवून पाहण्यात आला, तेव्हा काही प्रसंगांत कमी टेराफ्लॉपचे प्लेस्टेशनच अधिक सुरळीत चालले. आकड्यात येते ती केवळ गणकांची कमाल क्षमता, आणि त्या गणकांना वेळेवर काम पुरवणारी स्मृती व खेळ रचणाऱ्यांची साधने यांवर बाकीचे अवलंबून असते, असा त्याचा साधा अर्थ होता. एक्सबॉक्सपंथीयांनी तो अर्थ मान्य केला, परंतु ‘सॉफ्टवेअर अजून कच्चं आहे, भावा’ एवढी पुरवणी जोडून.

शौकिनाचा हुकमी पत्ता मात्र पुण्याचा आहे. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० या महासंगणकाची कमाल क्षमता सुमारे एक गिगाफ्लॉप, म्हणजे टेराफ्लॉपचा हजारावा भाग, होती. सबब टीव्हीखालच्या फळीवर मावणारे यंत्र त्याच्या दहा हजार पट ठरते, असे तो लोणावळा लोकलच्या डब्यात अनोळखी प्रवाशांनाही ऐकवतो. वैज्ञानिक गणितातील संख्या सहसा ६४ बिटांच्या, तर कन्सोलच्या जाहिरातीतील गणिते ३२ बिटांच्या संख्यांवरची असतात, ही बारीक गोष्ट त्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच तो ती सांगत नाही.

या वृत्तीचे मूळ परदेशी जाहिरातीत शोधणे चुकीचे ठरेल, कारण तिची परंपरा मावळातच सापडते. शौकिनाचे आजोबा बैलगाड्याचे जाणकार असतात. चढउतारांच्या गावांतून आखलेल्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीत, गाड्याची बारी सेकंद आणि सेकंदाच्या अंशांवर मोजली जाते, आणि कोणत्या यात्रेत कोणाचा गाडा किती सेकंदांत बसला होता हे आजोबांना नातवंडांच्या जन्मतारखांपेक्षा पक्के स्मरते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. मधल्या वर्षांत आजोबांपाशीही केवळ आकडे उरले होते. एकाच ओट्यावर एका बाजूला न धावणाऱ्या बैलांची आणि दुसऱ्या बाजूला न घेतलेल्या यंत्रांची तुलना चालू असण्याचा तो काळ होता. दोघांत फरक एवढाच, की आजोबा बैलाचे खूर आणि छाती पाहूनही त्याला कधी अव्वल ठरवत नसत. तो ठराव घड्याळाकडे असे. नातवाचे व्याख्यान ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलेला ‘मग पळतंय का ते?’ हा प्रश्न या विषयावरील आजवरच्या साहित्यात सर्वांत मार्मिक मानावा लागेल.

क्वचित एखादा शौकीन बाजारात आला तेव्हा ४९,९९० रुपयांचा असलेला कन्सोल हप्त्यांवर खरोखरच घरी आणतो, आणि तेव्हापासून त्याची विद्वत्ता ओसरू लागते. लोणावळ्याच्या पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो (लोणावळा-वळवणच्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईसाठी वीज तयार होते, ही बाब अशा संध्याकाळी त्याला हटकून आठवते), आणि इन्व्हर्टरवर काय चालवायचे याचा निर्णय आईकडे असतो. पंखा आणि ट्यूबलाइट यांच्या मागे रांगेत उभे राहिलेले १२.१५ टेराफ्लॉप मग दमट हवेत बुरशीची वाट पाहतात. चार मित्र जमले तर फुटबॉलचा खेळ लावला जातो, ज्याला यातील निम्मीही ताकद लागत नाही, आणि हरणारा गडी कन्सोलऐवजी हातातल्या कंट्रोलरला दोष देतो.

निन्टेन्डोच्या स्विचविषयी शौकीन करुणेने बोलतो. टीव्हीला जोडल्यावरही जेमतेम ०.४ टेराफ्लॉप असलेले हे यंत्र जगात पंधरा कोटींहून अधिक खपले, या वस्तुस्थितीचे स्पष्टीकरण दोन्ही पंथांपाशी नाही, आणि केवळ याच मुद्द्यावर त्यांचे एकमत होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सोनीने १६.७ टेराफ्लॉपचे प्लेस्टेशन ५ प्रो बाजारात आणले. परंतु त्यातील वायफाय ज्या ६ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरते त्यांना भारतात तेव्हा मुभा नसल्याने ते येथे विक्रीला आले नाही. ही बातमी कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत उत्साहाने वाचली गेली. ज्यांनी हप्त्यांवर कन्सोल घेऊन मौन पत्करले होते, तेही त्या आठवड्यात पुन्हा बोलू लागले.