बॅटरीवाले अप्पा

लातूर जिल्ह्यात, देवणी तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक गल्लीत एक बॅटरीवाले अप्पा असतात. कुठे त्यांना तात्या म्हणतात, कुठे मामा, आणि शाळेतून निवृत्त झालेले असले तर गुरुजी. ओळखण्याची खूण सगळीकडे एकच : लाईट असताना हे गृहस्थ लाईट गेल्यासारखे वागतात. उशाला बॅटरी, खुंटीला बॅटरी, गाडीच्या डिकीत बॅटरी. (बॅटरी म्हणजे इथे हातात धरायची विजेरी. कोपऱ्यात बसून पाणी पिणारी बॅटरी वेगळी. ती पुढे येईल.) सकाळी चहाच्या आधी ते बटण दाबून बल्ब बघतात, आणि लाईट आहे म्हटल्यावर जरासे हिरमुसतात.

देवणीचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते जनावरांमुळे. देवणी गोवंशात अंगावरच्या रंगावरून वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे तीन प्रकार धरतात. अप्पांचेही तीन वाण आढळतात, पण ते सामानावरून ओळखावे लागतात. पहिला कंदिलाचा अप्पा. ओगलेवाडीचा जुना प्रभाकर कंदील याच्या माळ्यावर अजून शाबूत आहे. दर दिवाळीला त्याची काच राखेने घासली जाते, पण रेशनचे रॉकेल मिळेनासे झाल्यापासून तो पेटलेला कुणी पाहिलेला नाही. दुसरा इन्व्हर्टरचा अप्पा. संख्येने हाच मोठा, म्हणून पुढचे वर्णन बहुतांशी याचे आहे. तिसरा सौर अप्पा. हा अलीकडचा आणि थोडा ताठ असतो. ढगाळ दिवशी मात्र तो पारावर दिसत नाही.

हा स्वभाव एका दिवसात घडलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्या पहाटे लातूर जिल्ह्यातली माणसे अंधारात चाचपडत अंगणाकडे धावली. उशाची बॅटरी तेव्हापासूनची आहे, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. बाकीचे सामान भारनियमनाने जमवले. जून २००५ मध्ये वीज मंडळाच्या जागी महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा वेगळ्या कंपन्या आल्या, तरी अप्पा आजही 'बोर्ड'च म्हणतात. त्या वर्षांत खेड्यांतून दिवसाला बारा-बारा तास लाईट नसे. वीजगळती आणि बिलवसुलीवरून फीडरांचे गट पडत, गटावरून वेळापत्रक ठरे, आणि ते वेळापत्रक तोंडपाठ असलेला माणूस गल्लीत एकच असे. लग्नाचा मुहूर्त पंचांगातून निघायचा, पण वरात किती वाजता काढायची हे अप्पांना विचारून ठरायचे. पुढे २०१५ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. तेव्हा अप्पांनी पारावर सिद्धान्त मांडला : पाणी नाही म्हणून लाईट नाही, आणि लाईट नाही म्हणून बोअरचे पाणी नाही. यात चूक काढणे अवघड आहे.

पावसाळ्यात लाईट जाते, पण त्यात अप्पांना गोडी नाही. उन्हाळाभर तापलेले चिनी मातीचे इन्सुलेटर पहिल्या सरीने तडकतात, वाऱ्याने फांदी तारेवर पडते. हे कुणालाही कळते. त्यांचा खरा हंगाम हिवाळा. बालाघाटच्या पठारावर मार्गशीर्ष-पौषात बोचरी थंडी पडते, आणि त्याच सुमाराला रब्बीचा हरभरा नि ज्वारी पाणी मागू लागते. शेतीला थ्री फेज वीज अनेक ठिकाणी मिळते ती एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्यात रात्री, अशी आलटून पालटून. रात्रीची पाळी असली की माणूस घोंगडे पांघरून, पायात बूट घालून दारे धरायला जातो. ज्याला थंडीत जायचे नसते तो मोटारीला ऑटो स्विच बसवतो. बारा जणांनी बारा ऑटो स्विच बसवले की लाईट आल्याक्षणी बाराही मोटारी एका दमात उठतात आणि डीपी बसते. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण दरवर्षी बजावते. अप्पांचेही तेच मत आहे. त्यांच्या स्वतःच्या मोटारीवर ऑटो स्विच आहे, पण तो त्यांच्या म्हणण्याप्रमाणे 'फक्त तपासायला' लावलेला आहे.

हिवाळ्याची तयारी दिवाळी संपली की सुरू होते. तुराट्यांच्या पेंढ्या पत्र्याखाली रचल्या जातात, चुलीवरच्या पाण्यासाठी आणि शेकोटीसाठी. वाकळा उन्हात पडतात. सगळ्या बॅटऱ्या ओट्यावर मांडून त्यांचे सेल काढले जातात, मलूल सेल दोन दिवस उन्हात ठेवले जातात, आणि परत भरताना एक सेल मुद्दाम उलटा घातला जातो, म्हणजे चुकून बटण दाबले गेले तरी सेल उतरत नाहीत. ही युक्ती जुनी आणि बरोबर आहे. तिचा दोष एवढाच, की अंधारात ती बॅटरी लागतही नाही. आधी टोपण काढून सेल सुलटा करावा लागतो, आणि तो करण्यासाठी उजेड लागतो.

वर्षाची खरी परीक्षा येळवशीची. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला सारा गाव शेतात जेवायला जातो आणि गल्ल्या ओस पडतात. पण भज्जी, आंबील, उंडे हे सगळे आदल्या रात्री बायका जागून करतात. त्या रात्री लाईट जाणे म्हणजे शंभर जणांची भज्जी अंधारात. म्हणून अप्पा त्या दिवशी दुपारपासून स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसतात. त्यांच्या असण्याने स्वयंपाकाला कोणती मदत होते, हे घरातल्या बायकांना अद्याप कळलेले नाही. स्टुलाला मात्र दरवर्षी कुणाचा तरी पाय लागतो.

आता पाणी पिणाऱ्या बॅटरीकडे. अप्पांचा इन्व्हर्टर दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी, पाहुण्याला दिसेल असा असतो. बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-तासांची, उचलायला दोन माणसे लागतील एवढी. कागदावर तिच्यात १.८ युनिट वीज मावते. प्रत्यक्षात हाती लागते त्याहून कमी. दोन पंखे आणि चार एलईडी बल्ब धरले तर पाच-सहा तास निघतात. हिवाळ्यात पंखे बंद, म्हणजे नुसत्या दिव्यांवर रात्र सहज सरते, आणि हे गणित अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटांवर करून दाखवतात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते चष्मा चढवून बॅटरीतले पाणी पाहतात आणि डिस्टिल्ड वॉटर नरसाळ्याने घालतात. घरातल्या नातवंडांचा अभ्यास इतक्या नेमाने पाहिला गेलेला नाही. गणितातली एक बाब मात्र ते पाहुण्याला सांगत नाहीत : रिकामी बॅटरी पुरती भरायला दहाएक तास लाईट लागते. ज्या दिवसांत लाईट सर्वांत जास्त जाते, त्याच दिवसांत ती भरत नाही.

इन्व्हर्टरचा जन्मशत्रू म्हणजे आंघोळीच्या बादलीत सोडायचा रॉड. तो पंधराशे वॉटचा, आणि इन्व्हर्टर घरगुती, दिवे-पंख्यांच्या बेताचा. पौषातल्या पहाटे लाईट नसते, पुण्याहून आलेल्या जावयांना गरम पाणी हवे असते, चूल पेटवायचा कंटाळा असतो, आणि कुणीतरी रॉडची पिन नेमकी इन्व्हर्टरच्या पॉईंटात खोचते. इन्व्हर्टर 'टूंऽऽ' करून गळा काढतो आणि घर काळेठिक्कर पडते. अप्पा अंधारातच विचारतात, ''कुणी केलं हे?'' जावई असल्यामुळे कुणीच केलेले नसते. दुसऱ्या दिवशी त्या पॉईंटावर खडूने 'फक्त बल्ब' असे लिहिले जाते. काही घरांत हे खडूचे लिखाण दर संक्रांतीला नवे होते.

माहिती मिळवण्याचे अप्पांचे मार्ग तीन. पहिला वायरमन. त्याला रस्त्यात गाठून चहा पाजला जातो आणि डीओ पडला, जंप तुटला की फेज गेला याची चौकशी होते. वायरमनला चहा आवडतो, चौकशी आवडत नाही. दुसरा मार्ग १९१२ हा तक्रारीचा नंबर. तो अप्पांना पाठ आहे, पण वायरमन ओळखीचा असताना तो लावणे त्यांना कमीपणाचे वाटते. तिसरा मार्ग गच्ची, आणि हा सीमेवरच्या गावांनाच उपलब्ध आहे. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख बीदर जिल्ह्यात होता. आता बीदर कर्नाटकात आहे आणि तिथली वीज कंपनीही वेगळी. लाईट गेली की अप्पा वाकळ गुंडाळून गच्चीवर चढतात आणि भालकीच्या बाजूला पाहतात. तिकडे दिवे दिसले तर दोष आपल्याकडचा. तिकडेही अंधार असला तर मात्र ते प्रसन्न चेहऱ्याने खाली येतात.

दुसऱ्याच्या अंधाराने त्यांना असेच बरे वाटते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, आणि मराठवाड्यातले समस्त अप्पा टीव्हीपुढे बसले. ''एकाच दिवसात एवढं?'' ही त्यांची प्रतिक्रिया नोंदण्यासारखी आहे. पुढच्या फेब्रुवारीत टेक्सासात हिमवादळ आले आणि चाळीस लाखांहून अधिक घरांची वीज गेली. अप्पांचा एखादा पुतण्या परदेशात असतोच. तिथे हीटर विजेवर, पाण्याचे नळ गोठून फुटतात, आणि माळ्यावर कंदील नसतो. पुतण्याने विचारायच्या आधीच अप्पांनी फोनवरून तुराट्या, वाकळा आणि चूल अशी यादी सांगितली. ती तिथे निरुपयोगी होती. एक सूचना मात्र मोलाची निघाली : शेगडी बंद खोलीत पेटवू नको, झोपेत माणूस जातो. टेक्सासात त्या आठवड्यात घरात कोळसा पेटवून, गॅरेजात गाडी चालू ठेवून ऊब घेणारी माणसे कार्बन मोनॉक्साइडने खरोखर दगावली. अप्पा रसायनशास्त्र शिकलेले नाहीत. त्यांना एवढेच माहीत होते की शेकोटी अंगणातच करायची असते.

अप्पांच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ म्हणजे सलग आठ-पंधरा दिवस लाईट न जाणे. हल्ली असे घडते. अशा वेळी ते बेचैन होतात, मेन स्विचकडे बघत राहतात, ''काहीतरी मोठं काम निघणार,'' असे भाकीत करतात. बॅटरी उतरवली नाही तर ती खराब होते, या सबबीवर मग एखाद्या संध्याकाळी ते स्वतःच मेन स्विच पाडतात. घरातल्यांना वाटते लाईट गेली. शेजारच्या घरी टीव्ही चालू असल्याचे ऐकू येते, आणि कुणी काही बोलत नाही.

आणि लाईट खरोखर जाते तेव्हा क्रम ठरलेला असतो. अप्पा मोठ्याने ''हलू नका!'' म्हणतात. उशाची बॅटरी नातवाने खेळायला नेलेली असते, खुंटीवरचीत सेल उलटा असतो, डिकीतली डिकीत असते आणि गाडीची किल्ली कुठे आहे ते उजेडातही सापडत नाही. इन्व्हर्टर दुपारीच रिकामा झालेला असतो. अप्पा भिंतीला हात लावत पुढे सरकतात आणि स्टुलाला अडखळतात. एवढ्यात देवघरातून काडी ओढल्याचा आवाज येतो आणि समई लागते. काडीपेटी देवापुढे, उजव्या हाताला, चाळीस वर्षे त्याच जागी असते. ती तिथे काकूंनी ठेवलेली आहे.